वारसा योग्य वेळी द्यावा

(सायवन, ता. डहाणू येथील विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या धम्म मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्धापन दिनाला धम्मावर बोलावे असा प्रघात आहे. आम्हाला मात्र समितीने सांगितले की, "तुम्ही कोर्टकचेरीतली माणसं, तर मृत्युपत्र, वारस, जमीनजुमला यावर बोला." काही ज्येष्ठांनी नाक मुरडले. म्हणाले, वर्धापनाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी कशाला? पण बंधूंनो, अनित्यतेचा विचार ज्या धम्माच्या मुळाशी आहे, त्या धम्माच्या घरात मरणाची गोष्ट अशुभ कशी होईल? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले. पण "मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो" ही अंधश्रद्धा काही आपल्या घरातून अजून गेलेली नाही. ती आज या विहारात सोडून जाऊ या, एवढीच आमची विनंती आहे.

धम्मात याला आधार आहे का?

आहे, आणि स्पष्ट आहे. सिगालोवाद सुत्त आपण गृहस्थांचा विनय म्हणून ऐकतो. त्यात भगवंतांनी आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना पापापासून आवरावे, चांगल्या मार्गाला लावावे, हुन्नर शिकवावा, योग्य जोडीदार पाहून द्यावा, आणि पाचवे कर्तव्य म्हणजे योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती द्यावा. आता बघा, भगवंतांनी नुसते "वारसा द्यावा" एवढेच म्हटले नाही, "योग्य वेळी" असे म्हटले. वेळ टळली की त्याच वारशाचे भांडण होते. मिळकतीचे चार भाग करून एक भाग अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवावा, हेही त्याच सुत्तात आहे.

दुसरी गोष्ट जेतवनाची. अनाथपिंडकाने जेत राजकुमाराच्या बागेत सुवर्णनाणी अंथरली, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्या गोष्टीतला मधला भाग आपण सांगत नाही. राजकुमार म्हणाला, मी बाग विकलीच नाही. तेव्हा तो वाद न्यायाधीशांपुढे गेला आणि त्यांनी निवाडा दिला की, तुम्ही किंमत बोललात म्हणजे व्यवहार झाला. म्हणजे संघाच्या त्या थोर विहाराच्या जागेचासुद्धा वाद होऊ शकला! मग आपल्या विहाराच्या जागेचा होणार नाही असे कशावरून? त्या मुद्द्याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत.

बाबासाहेबांची कागदपत्रे

आणखी एक उदाहरण मन जड करून सांगतो. बाबासाहेब कायद्याचे महापंडित होते. जे समाजाचे, ते त्यांनी आपल्या हयातीतच रीतसर संस्थांच्या स्वाधीन केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. त्या संस्था त्यांच्या पश्चातही राहिल्या, कारण त्या एका माणसाच्या नावावर नव्हत्या.

पण त्यांच्या अप्रकाशित लिखाणाचे काय झाले? ६ डिसेंबर १९५६ च्या महापरिनिर्वाणानंतर ते कागद दिल्ली उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनच्या ताब्यात गेले, नंतर महाराष्ट्राच्या प्रशासक महाअभिरक्षकाकडे आले. वर्षानुवर्षे ते पेट्यांत बंद राहिले. नागपूरचे एक वकील जे. बी. बनसोड यांनी ते लेखन प्रसिद्ध व्हावे म्हणून कोर्टात दावा लावला. १९७६ साली शासनाने साहित्य प्रकाशनासाठी समिती नेमली. पुढे वारसांची संमती मिळाली आणि १९८१ साली त्या पेट्या संपादक वसंत मून यांच्यासमोर उघडल्या. त्यातले अप्रकाशित लिखाण १९८७ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे येऊ लागले. म्हणजे तीस वर्षे! यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच सांगायचे आहे की, माणूस कितीही थोर असो, मागे राहिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा हे ठरेपर्यंत ती वस्तू कुलपात राहते. तिथे लाखमोलाचे ग्रंथ होते, आपल्याकडे दोन गुंठे आणि पोस्टाचे पासबुक आहे. नियम तोच.

आपल्याला कोणता कायदा लागतो?

हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारतात. बौद्धांचा वेगळा वारसा कायदा नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, असे त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिले आहे. नाव पाहून रागावू नका, हक्क बघा.

पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत पहिले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना समान हिस्सा. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी असेल तर चार सारखे भाग. म्हातारी आई हयात असेल तर पाच. वडिलांचे नाव मात्र या पहिल्या यादीत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क आहे. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ साली दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना तो मिळाला, लग्न केव्हाही झालेले असो. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत.

आपले शेजारी वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी बांधव इथे बसले आहेत. त्यांना हा १९५६ चा कायदा लागत नाही, त्यांच्या रूढीप्रमाणे वारसा चालतो. पण रूढीचे नाव सांगून बाईला हाकलता येईल असे समजू नका. मुलींना वगळणारी रूढी कोणी सिद्ध केली नाही, तर मुलींना समान हक्क द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात ठरवले आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा नवराबायको दोघांच्या नावे असतो. तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. कोणी विकत मागत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे हे ओळखा.

आमच्या घरची चूक

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना आम्हा भावांना लाज वाटते. पण व्यासपीठावर उभे राहून दुसऱ्याला शहाणपण सांगायचे आणि घरचे झाकायचे, हे बरे नव्हे.

आमचे वडील गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हते. वारस नोंदीचा अर्ज आम्ही भरला. त्यात आईचे नाव घातले, आम्हा दोघा भावांची नावे घातली. बहिणीचे घातले नाही. ती लग्न होऊन विक्रमगडकडे गेली होती. आम्ही स्वतःला सांगितले की, तिला कशाला त्रास, तिचं काय जायचंय आपल्याशी. खरे तर आम्ही कायदा जाणत होतो. दुसऱ्यांचे अर्ज लिहून देत होतो! पण स्वतःच्या घरात कायदा गैरसोयीचा वाटला.

पुढे रस्त्याच्या कामात जमिनीचा तुकडा जाणार अशी नोटीस आली. नोटिशीवर तीन नावे. आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बापाच्या दुखण्यात उशाशी कोण बसलं होतं, ते कचेरीला ठाऊक नसंल. तुम्हाला ठाऊक नाही का?"

बंधूंनो, त्या एका वाक्यापुढे आमचे सगळे कायद्याचे ज्ञान खाली बसले. आम्ही दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेलो. ती म्हणाली, "मला पैसे नकोत दादा. पण सातबाऱ्यावर मी तुमची कोणीच नव्हते, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही." तिला हे आधीच कळले होते आणि ती कधी बोलली नव्हती. आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला, तिचे नाव लागले, मोबदल्यात तिचा वाटा तिच्या खात्यात गेला. नाव लागायला थोडे महिने लागले. मन लागायला जास्त.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येक भावाला सांगतो, राखीपौर्णिमेची साडी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीला खरोखर हिस्सा नको असेल तर ती स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र देईल. पण आधी नाव लावा, मग तिला विचारा. नाव न लावता "तिनं सोडला" म्हणणे म्हणजे अदिन्नादान. दुसऱ्या शीलाचा भंग आहे तो.

मृत्युपत्र कसे करावे?

याला फार मोठा खर्च नाही. साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही. करणारा सज्ञान व शुद्धीवर हवा. सही करावी, सही येत नसेल तर अंगठा. दोन साक्षीदारांनी तुमची सही किंवा अंगठा पाहिलेला असावा व त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका, उगीच संशयाला जागा राहते. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याचे खाली लिहावे. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी जोडावा. "माझं घर थोरल्याला" असे मोघम लिहू नका. गट नंबर, घर नंबर, चतुःसीमा, खाते नंबर लिहा. तारीख घाला.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, शेवटचे असेल तेच खरे. म्हणून "लिहून दिलं की मुलं घराबाहेर काढतील" ही भीती मृत्युपत्राला लागू नाही. ते तुमच्या पश्चातच अमलात येते.

ती भीती बक्षीसपत्राला लागू आहे. बक्षीसपत्र नोंदले की मालकी लगेच गेली. २०१५ साली शासनाने नवरा, बायको, मुले, नातवंडे यांना घर किंवा शेतजमीन बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क २०० रुपये केले, तेव्हापासून घाईने बक्षीसपत्रे होऊ लागली. द्यायचेच असेल तर "मला शेवटपर्यंत सांभाळावे" ही अट त्या कागदातच लिहा. अट लिहिलेली असेल आणि मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते.

नॉमिनी आणि सातबारा

दोन गैरसमज आणखी काढतो. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असे नाही. 'कालनिर्णय' आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहे. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ साली मृत्युपत्र केले होते, २०१३ साली ते वारले. मागे राहिलेल्या गुंतवणुकीवर नॉमिनींनी हक्क सांगितला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याची. मोठ्या घरातही हा घोळ होतो, तर आपली काय कथा! म्हणून नॉमिनी लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

तसेच सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. फेरफार मुख्यतः महसुलासाठी असतो. तरीही नोंद वेळेवर हवी. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे हल्ली ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, कळवावे असे जमीन महसूल संहिता सांगते. आपल्या भागात मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर अशा कामांची चर्चा घरोघरी चालते. भूसंपादनाची नोटीस आजोबांच्या नावाने येते आणि आजोबा तर केव्हाच गेलेले असतात. मग मोबदला कोर्टात अडकतो आणि नातवंडे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.

आपल्यापैकी जी कुटुंबे घाटावरून नोकरीनिमित्त इकडे आली, त्यांच्या गावाकडे वतनी जमिनी असतील. महारवतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्यावर आज 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. वारसाचे नाव त्यावर लागते, पण विकायला परवानगी लागते. "आम्ही तिकडे जात नाही" म्हणून नोंद सोडू नका. दलाल नेमके अशाच सातबाऱ्यांच्या शोधात असतात.

वकिलाचा खर्च कोण करील?

पैसे नाहीत म्हणून हक्क बुडवू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, अल्पवयीन मूल, अपंग यांना वकील फुकट मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातीत येतात. डहाणूच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक फिरवावा. ही मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे.

आणि आता आपल्या विहाराची जागा

समितीने आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही पहिला कागद मागितला तो या जागेचा. समितीने प्रामाणिकपणे सांगितले की, कागद नाही. एका दानशूर उपासकाने पूर्वी तोंडी जागा दिली, सगळ्यांनी श्रमदान केले, बायकांनी डोक्यावरून रेती वाहिली, विहार उभे राहिले. तो उपासक आज हयात नाही. जागा अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांची नातवंडे आज इथे पहिल्या रांगेत बसली आहेत, त्यांचे मन मोठे आहे. पण त्यांच्या नातवंडांचे मन आपण कोणी पाहिले आहे?

तोंडी दानाने जमीन जात नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. त्यासाठी आधी वारस नोंद व्हावी, बहिणींसकट सर्व वारसांनी सह्या कराव्यात. दान घ्यायला संस्था हवी, म्हणून विहाराची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद करावी. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यावा. एकदा जागा ट्रस्टची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती कोणाला विकता येत नाही. म्हणजे उद्या समितीत वाईट माणूस आला तरी विहार राहील.

आणखी एक सांगितले पाहिजे. डहाणू, तलासरी हा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख आहे. इथे कागदावरच्या अंगठ्यांनी आदिवासींच्या जमिनी गेल्या, वेठबिगारी आली आणि १९४५ साली वारल्यांना उठाव करावा लागला. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्रीने काय, बक्षिसानेही शासनमान्य परवानगीशिवाय देता येत नाही. पुढेमागे विहारासाठी शेजारची जागा घ्यायची वेळ आली आणि ती आदिवासी बांधवाची असली, तर पाचशेच्या स्टँपवर लिहून घेऊ नका. ते कायद्यात टिकणार नाही, आणि टिकले असते तरी बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना शोभले नसते.

सारांश, येत्या वर्षावासाचे तीन महिने आपण या कामाला देऊ. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत दर रविवारी वंदनेनंतर एक तास आम्ही इथे बसू. येताना सातबारा, आठ-अ, घरपट्टी, मृत्यूचा दाखला, पासबुक, जे असेल ते पिशवीत घालून आणा. काही नसेल तर रिकाम्या हाताने या, पण बहिणीला सोबत घेऊन या. पहिला अर्ज या विहाराच्या जागेचा लिहू.

राहुलने कपिलवस्तूत आपल्या पित्याकडे वारसा मागितला, तेव्हा भगवंतांनी त्याला धम्म दिला. आपण गृहस्थ आहोत. आपल्या मुलांना धम्म द्यायचा आहे आणि दोन गुंठेही द्यायचे आहेत. दोन गुंठ्यांवरून भावंडे वैरी झाली, तर दिलेला धम्मही त्या घरात राहणार नाही. म्हणून योग्य वेळी द्या, सर्वांना द्या आणि लिहून द्या.



जय भीम! नमो बुद्धाय!